वहीत ज्यांचं नाव नाही

आम्ही पेण तालुक्यातल्या जोहे गावच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आमचं गाव तुम्हाला गणपतीमुळे ठाऊक असेल. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात गणपतीचे कारखाने आहेत. साचा भरणं, घासकाम, रंग, डोळ्यांची आखणी, यातलं काही ना काही काम आमच्यातल्या बऱ्याच जणींच्या हाताला असतं. इथल्या मूर्ती मुंबईला जातात, पुण्याला जातात, परदेशातही जातात. मूर्तीला कोणी विचारत नाही, तू कुठली, कधी आलीस, कागद आहे का. माणसाला मात्र विचारतात. आजचं आमचं बोलणं त्याबद्दल आहे. पोटासाठी गाव सोडून जाणाऱ्या माणसाचे हक्क काय, आणि ते मिळवायला बायांनी काय केलं, हा इतिहास आम्ही सांगणार आहोत.

पण आधी एक कबुली. ती आमचीच आहे.

आमच्या गटात वाडीवरच्या तीन कातकरी बाया होत्या. दिवाळी झाली की त्या घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जायच्या आणि पाऊस तोंडावर आला की परतायच्या. गटाचा नियम होता की लागोपाठ तीन हप्ते चुकले तर नाव कमी. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून आम्हाला तो न्यायाचा वाटायचा. त्याप्रमाणे तिघींची नावं कमी झाली. त्या भांडल्या नाहीत आणि आम्हीही मागे वळून पाहिलं नाही. पुढे वस्तीतल्या सोयींसाठी घरांची यादी करायची वेळ आली, तेव्हा आम्ही गटाची वही पुढे ठेवून घरं मोजली. वाडीवरची घरं त्या यादीत आलीच नाहीत. जूनमध्ये त्यांतली एक बाई परत आली, यादी ऐकली आणि म्हणाली, "ताई, आम्ही गेलो होतो, मेलो नव्हतो."

त्या दिवशी आम्हाला काही बोलता आलं नाही. पण पुढच्या बैठकीत आम्ही ठरवलं, की असं आणखी कुठे झालंय, आणि ज्यांच्यावर वेळ आली त्यांनी काय केलं, ते समजून घ्यायचं. तेव्हा मुंबईच्या पदपथावरच्या बायांची गोष्ट हाती लागली.

मुंबई आपल्याला परकी नाही. कोकणातल्या प्रत्येक गावात चाकरमानी आहेत. कोणाचा आजा गिरणीत होता, कोणाचा बाप गोदीत. पहिल्या पिढीतले किती तरी जण एका खोलीत पाळीपाळीने झोपून राहिले. ज्यांना खोलीही मिळाली नाही ते रस्त्याच्या कडेला राहिले. कामाच्या जागेपासून लांब राहायचं तर गाडीभाडं परवडत नाही, म्हणून बांबू आणि प्लास्टिकचा आडोसा करून तिथेच संसार.

१९८१ साली मुंबईत काय झालं ते ऐका. तेव्हा बॅरिस्टर ए. आर. अंतुले मुख्यमंत्री होते. ते आपल्याच जिल्ह्यातले, म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. त्यांच्याच कारकिर्दीत कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. १३ जुलै १९८१ रोजी त्यांनी जाहीर केलं, की मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या सगळ्यांना हलवलं जाईल आणि आपापल्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठवलं जाईल. भर पावसाळ्यात पाडापाडी सुरू झाली.

हे प्रकरण कोर्टात गेलं. काही पदपथवासी, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही नागरी हक्कांची संघटना आणि पत्रकार यांनी अर्ज केले. पत्रकारांमध्ये ऑल्गा टेलिस होत्या आणि हा खटला त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

अर्ज करणाऱ्या पदपथवासीयांत एक मजूर तामिळनाडूतल्या सेलमचा होता. गावी जमीन नाही, दुष्काळात काम गेलं, म्हणून १९६१ साली तो मुंबईला आला. दहिसरला एका रासायनिक कंपनीत २३ रुपये रोजाने काम करायचा. पदपथावरच्या प्लास्टिकच्या आडोशासाठी झोपडीदादाने त्याच्याकडून अडीच हजार रुपये उकळले होते. तिथे तो, त्याची बायको आणि तीन मुली राहत. २३ जुलै १९८१ ला ते घर पाडलं आणि सगळ्या कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडे राहिल्या. तो मात्र कामासाठी परत आला आणि पुन्हा पदपथावरच राहिला. गावात पोट भरलं असतं तर तो आलाच कशाला असता? बसमध्ये बसवून त्याचं गाव काही बदललं नव्हतं.

दुसरा अर्जदार तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या संगमनेरचा, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रातला. चपला शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे. गावचं घर पडलं. १९६९ साली तो मुंबईत आला आणि बदली कामगार झाला. त्यानेही तुळशीवाडीच्या पदपथावर जागा मिळवायला तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले, वर बांबू-प्लास्टिकला ७०० रुपये लागले. आपण म्हणतो ना, हे लोक फुकट राहतात. फुकट कोणीच राहत नव्हतं. पैसे द्यायचे, पण पावती मिळायची नाही, एवढाच फरक.

१० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. सरन्यायाधीश होते यशवंत विष्णु चंद्रचूड. कोर्टाने एक फार मोठी गोष्ट मान्य केली. घटनेच्या कलम २१ मध्ये जगण्याचा हक्क आहे आणि त्या जगण्यात पोट भरण्याचं साधनही येतं. माणसाची रोजीरोटी काढून घेतली तर त्याचं जगणंच काढून घेतल्यासारखं आहे. म्हणून कोणाला हलवायचं तर कायद्याने हलवायचं, आधी नोटीस द्यायची, त्याचं म्हणणं ऐकायचं.

इथे घटनेतल्या दोन कलमांतला फरक सांगायला हवा, कारण तो आम्हालाही नव्याने कळला. कलम १९ प्रमाणे देशात कुठेही जाण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क नागरिकांना आहे. कलम २१ मात्र 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणतं. म्हणजे दुसऱ्या देशातून आलेल्या माणसाचाही जीव आणि स्वातंत्र्य कायद्याशिवाय हिरावून घेता येत नाही. ज्याच्या हातात एकही कागद नाही, त्यालाही हे कलम लागू आहे.

पण निकालाची दुसरी बाजूही आहे. पदपथ चालण्यासाठी असतो, त्यावर घर बांधण्याचा हक्क कोणाला नाही, हेही कोर्टाने सांगितलं. पाडापाडीला फक्त पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, थांबायला सांगितलं. १९७६ साली झालेल्या मोजणीत ज्यांची नोंद होती, त्यांना मालवणीला पर्यायी जागा द्यावी असं म्हटलं, पण आधी जागा द्या आणि मगच हलवा अशी अट घातली नाही. म्हणजे बघा, हक्क मोठा मिळाला, पण हातात काय पडणार हे ठरलं नऊ वर्षांपूर्वीच्या एका वहीवर. त्या दिवशी जो कामाला गेला होता, जी बाळंतपणाला गावी गेली होती, जे नंतर आले, त्यांचं काय?

आता आपली खरी गोष्ट सुरू होते.

भायखळ्याला १९८४ साली स्पार्क नावाची संस्था सुरू झाली होती. शीला पटेल आणि त्यांच्या सहकारी तिथल्या पदपथावरच्या बायांबरोबर काम करत होत्या. निकाल लागल्यावर सगळ्यांच्या पोटात गोळा आला. ३१ ऑक्टोबरनंतर काय होणार? आणि हे हजारो लोक आहेत कोण, कुठून आले, करतात काय, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. वर्तमानपत्रात म्हणायचे, हे कालपरवा आलेले, रिकामटेकडे, आज इथे तर उद्या तिथे. ते खोटं आहे म्हणायला हातात काही लागतं ना?

मग त्याच वर्षी पदपथावरच्या लोकांना बरोबर घेऊन मोजणी झाली. सुमारे ६,००० कुटुंबं आणि २७,००० माणसं मोजली गेली. या अभ्यासाला इंग्रजीत जे नाव दिलं, त्याचा अर्थ होतो 'आम्ही, न दिसणारे'. हे लोक रोज रस्त्यावर दिसायचे, फक्त सरकारी वहीत दिसायचे नाहीत, म्हणून ते नाव.

मोजणीतून काय निघालं? ही माणसं कालपरवा आलेली नव्हती. कित्येक कुटुंबं वर्षानुवर्षं त्याच जागी होती, मुलं तिथेच जन्मलेली. ती गरीब, कोरडवाहू, काम नसलेल्या जिल्ह्यांतून आली होती आणि त्यांत महाराष्ट्रातलेही पुष्कळ होते. काम करणारी होती, शहराची सगळ्यात हलक्या मजुरीची कामं तीच करत होती. आणि पदपथावर राहत होती ती कामावर चालत जाता यावं म्हणून. ज्यांना शहरावरचा भार म्हणत होते, त्यांच्याच स्वस्त श्रमावर शहर उभं होतं.

ज्या सरसकट पाडापाडीची भीती होती, तशी ती झाली नाही. अधूनमधून पाडकाम मात्र होतच राहिलं. पण बायांच्यात एक गोष्ट बदलली. आपण किती जणी आहोत ते त्यांना कळलं. १९८६ च्या सुमारास त्यांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली. त्यांनी बचत सुरू केली, आपल्या गटांसारखीच, रोजच्या दोन-चार रुपयांची. रेशनकार्डासाठी एकत्र जायला लागल्या. पूर्वी एकटी बाई गेली की पहिला प्रश्न यायचा, पत्ता काय? पदपथाला पत्ता कुठला? पन्नास जणी याद्या घेऊन गेल्या की तोच प्रश्न कार्यालयाला सोडवावा लागायचा. जोकिन अर्पुथम यांचं राष्ट्रीय झोपडवासी महासंघाचं कामही त्यांच्याबरोबर जोडलं गेलं.

१९९५ साली राज्याच्या झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात पदपथवासीयांचा समावेश झाला. म्हणजे मोजणीपासून दहा वर्षांनी. पुढे भायखळ्याच्या पदपथावरची कुटुंबं मानखुर्दला पक्क्या घरात गेली. दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्यांमधल्या बायाही मुंबईला येऊन हे काम बघून गेल्या आणि आपल्या वस्त्या आपणच मोजायची पद्धत तिकडे घेऊन गेल्या. १९९६ मध्ये अशा देशोदेशींच्या वस्त्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटनाही झाली. आपल्याकडच्या न शिकलेल्या बायांनी जगाला शिकवलेली ही गोष्ट आहे, आणि ती आपल्यालाच फारशी माहीत नाही.

आता मुंबईतून परत रायगडला येऊ. कारण स्थलांतर म्हटलं की आपल्याला परराज्यातला माणूस आठवतो आणि आपल्याच वेशीवरची वाडी आठवत नाही.

कातकरी हे नाव कातावरून पडलं. खैराच्या झाडाचा कात काढणारे ते कातकरी. जंगलावर सरकारी बंधनं आली, कात गेला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, त्याही गेल्या. राहिली वीटभट्टी आणि शेतमजुरी. पावसात हाताला काम नसतं तेव्हा भट्टीमालकाकडून किंवा मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर ती फेडायला अख्खं घर न्यायचं. नवरा-बायको जोडीने राबतात, पोरं भट्टीवरच खेळतात, शाळेच्या हजेरीपटावर रेघ पडते. हंगाम संपताना हिशेब होतो, तो मालकाच्या वहीतून. पुष्कळदा उचल फिटलेलीच नसते, मग पुढच्या वर्षाचं बोलणं तिथेच पक्कं.

उचलीपायी माणसाला बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे, आणि असं कर्ज त्या कायद्याने रद्द होतं. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे. कायदा इतका स्पष्ट आहे. पण उचल किती घेतली, विटा किती पाडल्या, हे एकाच वहीत लिहिलेलं असेल आणि ती वही मालकाची असेल, तर कायदा कोणाच्या बाजूने बोलणार?

दुसरा प्रश्न घराखालच्या जमिनीचा. आपल्या जिल्ह्यात कितीतरी कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. पूर्वी जमीनमालकांनीच कामासाठी त्यांना तिथे बसवलं. पुढे मुंबईमुळे जमिनीचे भाव चढले, आणि तीच वाडी मालकाला अडचण वाटायला लागली. यावर कर्जत तालुक्यातल्या कशेळे इथल्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने कातकऱ्यांबरोबर बसून अभ्यास केला. राजीव खेडकर आणि कॅनडाचे डॅनियल बकल्स यांचं त्यावरचं पुस्तक २०१३ साली आलं. या अभ्यासात वाडीतले लोक नुसते उत्तरं देणारे नव्हते. वाडी कोणाच्या जमिनीवर, धोका किती, अर्ज करायला भीती कशाची वाटते, हे शोधायला ते स्वतः बसले. वाडीला गावठाण म्हणून मान्यता मिळवायची वाट महसूल कायद्यात आहे, पण ती मागायला आधी वाडीने एकत्र येऊन बोलावं लागतं, आणि वर्षातले सहा महिने निम्मी वाडी बाहेर असते.

मैत्रिणींनो, माणसं मोजलेली नसली की काय होतं, ते २०२० साली सगळ्या देशाने पाहिलं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि लाखो मजूर चालत निघाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लोकसभेत प्रश्न आला, की घरी परतताना किती मजूर मेले. सरकारचं उत्तर होतं, अशी आकडेवारी ठेवलेली नाही. जी माणसं जिवंतपणी कुठल्या वहीत नव्हती, ती मेल्यावर तरी कुठून येणार?

त्यानंतर २९ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की स्थलांतरित मजुरांची नोंदणी करा आणि 'एक देश, एक रेशनकार्ड' सगळ्या राज्यांत लागू करा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली. म्हणजे आज भट्टीवर किंवा दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात गेलेल्या बाईला आपल्या रेशनकार्डावरचं धान्य तिथल्या दुकानात मागता येतं. त्यासाठी कार्डाला आधार जोडलेलं हवं, नवं कार्ड काढावं लागत नाही. हे आपल्या वाडीवर कितीजणींना माहीत आहे?

तरी एक सावधगिरीही सांगायला हवी. यादी नेहमी भल्यासाठीच होते असं नाही. हाकलायचं असलं की यादीच करतात. म्हणून आम्ही मुंबईच्या बायांच्या गोष्टीवरून स्वतःसाठी चार गोष्टी ठरवल्या. मोजणी कशासाठी ते आधी सांगायचं. जिला सांगायचं नाही तिला सक्ती करायची नाही. लिहिलेलं सगळं त्याच वाडीत बसून मोठ्याने वाचून दाखवायचं, चुकलं ते दुरुस्त करायचं. आणि यादीची एक प्रत वाडीतच ठेवायची.

यंदा पावसाळ्यात, सगळी घरं भरलेली असताना, आम्ही वाडीवर गेलो. लिहिणाऱ्या आमच्यातल्या होत्या, पण प्रश्न वाडीवरच्या बायांनी ठरवले. आम्ही विचारणार होतो, किती माणसं, किती शिकलेली. त्या म्हणाल्या, आधी हे लिहा, कोण कुठल्या भट्टीवर जातं, उचल किती घेतली, रेशनकार्ड कोणाकडे ठेवलंय. हा शेवटचा प्रश्न आम्हाला कधी सुचला नसता. काही घरांची कार्डं उचलीच्या बदल्यात दुसऱ्याच्या घरात पडून होती.

गणपतीच्या कारखान्यांत हंगामाला बाहेरगावची पोरं कामाला येतात. त्यांच्याकडेही जायचं ठरवलं, तेव्हा गटात वाद झाला. एक जण म्हणाली, आपलंच पुरेना, त्यांचं कशाला? तिच्याच सासऱ्यांनी तरुणपणी परळला एका खोलीत वीस जणांत दिवस काढले होते. ते तिला दुसऱ्या एकीने आठवण करून दिली, आणि वाद तिथेच संपला असं नाही, पण बैठक पुढे गेली. ते काम अजून व्हायचं आहे.

गटाचा नियम मात्र बदलला. आता बाहेर जाणारी बाई जाताना सांगून जाते, हप्ते परत आल्यावर भरते आणि तिचं नाव कमी होत नाही. भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येकीला एक छोटी वही दिली आहे. लिहिता येत नसेल तर हजार विटांना एक रेघ. हिशेबाच्या दिवशी मालकाच्या वहीसमोर आपलीही वही असावी म्हणून. पोरगी शिकलेली असेल तर तिने लिहावं.

ती बाई, जिने आम्हाला सुनावलं, ती पुन्हा गटात आली आहे. या दिवाळीनंतर ती जाणारच आहे, कारण वही मिळाली म्हणून गावात काम मिळालेलं नाही. ती जूनमध्ये हिशेब काय घेऊन येते, ते आम्ही तुम्हाला याच कार्यक्रमात सांगू.

तोवर तुमच्या गटात या तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गावातून कामासाठी कोण बाहेर जातं आणि त्यांची नावं आपल्या वहीत आहेत का? आपल्या गावात कामासाठी कोण आलंय आणि त्यांच्याशी आपण शेवटचं कधी बोललो? आणि आपल्या गटाचा असा कुठला नियम आहे, जो सगळ्यांना सारखा आहे, पण जाचतो मात्र काही जणींनाच?

येतो आम्ही. नमस्कार.